एका शिवीला एक कूस

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले आहेत. पवन मावळातल्या एका घरातली पुढची खोली. उजवीकडे लोखंडी खाट, डावीकडे दोन दारांचा फ्रिज आणि त्यावर धूळ खाणारी प्लास्टिकची फुलं. मागच्या खिडकीतून नुकतीच लावणी झालेली भातखाचरं दिसतात. खाटेवर ब्याऐंशी वर्षांचे दत्तोबा, तोंड भिंतीकडे. दारात त्यांची सून माधवी कंबरेवर हात ठेवून उभी. त्यात तोरा काही नाही, बाईची कंबर खरोखरच धरलेली आहे.

आणि आता प्रवेश करते हिरा. एका हातात बादली, दुसऱ्या हातात रबरी चादरीची गुंडाळी, पदर खोचलेला. तिच्या मागे दाढीचं सामान घेऊन मी. मी चाळीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत काढली, राजांच्या एंट्र्या पाहिल्या, पण बादली घेऊन इतक्या रुबाबात आत आलेलं माणूस पाहिलं नव्हतं.

दत्तोबांनी मान वळवून पाहिलं.

"ही बेडशाची हिरा न्हवं? बौद्धवाड्यातली?"

"व्हय, तीच," हिरा म्हणाली.

"हिच्या हातचं पानी मला चालत न्हाई."

हिरानं बादली खाली ठेवली. "प्यायला कोन देतंय तुला, आबा? ढुंगण धुवायला आनलंय."

माधवी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. आमच्या कंपनीत असलं वाक्य पडलं असतं, तर पहिल्या तीन रांगा उभ्या राहिल्या असत्या.

हिरा त्रेसष्ट वर्षांची. तीस वर्षं ती तळेगावातल्या एका दवाखान्यात आयाबाई होती. बेडशाहून जीप, मग लोकल, घोरावाडीला उतरून चालत, आणि दिवसभर परक्या माणसांचे पॉट. नवरा लवकर गेला. मुलगी यशोधरा शिकून नाशिकला नर्स झाली. निवृत्तीनंतर हिरानं दोन महिने घरी बसून पाहिलं आणि मग आमच्या 'सोबत मंडळा'त आली. का, असं विचारलं तर म्हणाली, "घरात बसून टीव्हीतल्या बायांची रडगानी किती बघायची?"

आमचं मंडळ साधं आहे. मावळात घरोघर कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं आणि पोरं शिफ्टला गेलेली असतात. आम्ही जाऊन त्यांचं अंग पुसतो, नखं कापतो, चादरी बदलतो, तेवढ्या वेळात घरच्या बाईला पाठ टेकता येते. नाटकात रंग लावून रंग काढून माझा हात चेहऱ्याला सरावलेला, म्हणून दाढ्या माझ्याकडे. मंडळाचे प्रमुख सुहासराव. कारखान्यातल्या मनुष्यबळ विभागातून निवृत्त झालेले, लोणावळ्याला बंगला, मनानं लोण्यासारखे. त्यांनी मंडळाचे दहा नियम छापून घेतले होते. पहिला, रुग्णास नेहमी 'अहो' म्हणावे. दुसरा, वाणी मृदू ठेवावी. हिरा हे दोन्ही नियम सकाळच्या चहाबरोबर मोडायची. तिचं म्हणणं, "अंथरुनातल्या मानसाला अहो-जाहो केलं की त्याला वाटतं, आपन मेलो का काय."

सुहासराव नव्या स्वयंसेवकांसाठी 'करुणा कार्यशाळा' घ्यायचे. हॉलमध्ये पंखे बंद, डोळे मिटलेले, हात हृदयावर, मागे बासरी. मी अर्धा तास छान झोपायचो. पण त्याच हॉलच्या मागच्या खोलीत हिराची कार्यशाळा चालायची. नव्या माणसाला ती गादीवर झोपवायची, खाली ओलं फडकं सारायची, "तासभर हलायचं न्हाई" म्हणायची, आणि मग सगळ्यांना घेऊन त्याच्या शेजारी चहा पीत बसायची. बोलणं त्याच्याविषयीच, पण त्याच्याशी नाही. "जेवला का हा?" "कुनास ठाऊक." "लय जड हाय." माझी पाळी आली तेव्हा विसाव्या मिनिटाला नाकावर माशी बसली. मी पल्लेदार आवाजात "कुणी आहे का?" म्हणालो. हिरानं बिस्कीट चहात बुडवलं आणि शेजारणीला विचारलं, "साखर जास्त झाली का गं?" करुणेविषयी मला जे काही कळलं आहे ते त्या माशीनं शिकवलं.

तर दत्तोबा. माळ्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण म्हातारा काही उठून बसेना. पडून पडून माकडहाडावर जखम झाली, आधी रुपयाएवढी, मग बशीएवढी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: दर दोन तासांनी कूस बदला, जखम धुऊन कोरडी ठेवा, नाहीतर पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल आणि या वयात तिथून परत येण्याची खात्री नाही. दत्तोबांचा हट्ट एकच. खिडकीतून दिसणारं भात त्यांच्या डोळ्यांदेखत घरात यायला हवं होतं. "त्याच्या आधी मला उंबऱ्याभाईर काडलं, तर अन्न सोडीन." आणि एवढं म्हणून कूस बदलायला मात्र ठाम नकार. वळताना दुखायचं, सुनेपुढे उघडं व्हायची लाज, आणि आता वर बौद्धवाड्यातली हिरा.

पहिल्या दिवशी त्यांनी हिराला एका दमात सात शिव्या दिल्या. अवदसा, खवीस, घोरपड, पुढच्या मला आठवत नाहीत. हिरा स्टुलावर बसून ऐकत राहिली, मग म्हणाली, "आबा, शिव्या झ्याक देतोस. आपन एक करू. एका शिवीला एक कूस. दिवसभराच्या शिव्या सकाळीच मला घालून ठेवायच्या. मंग दर दोन तासांनी माधवी चादर ओढंल, तवा मुकाट वळायचं. धुनं-पुसनं माज्याकडं. सुनेनं कायबी बघायचं न्हाई."

"आन मी न्हाई म्हनलो तर?"

"तर मीबी शिव्या देनार. दवाखान्यात तीस वर्सं होते. तुला झेपायच्या न्हाईत."

दत्तोबा हसू दाबत होते, हे मी त्यांच्या हनुवटीवर वस्तरा धरून असल्यामुळे सांगू शकतो.

"आनखी एक," हिरा म्हणाली. आवाज तसाच, चढला नाही की उतरला नाही. "आई-बाप, म्हस-रेडा, काय काडायचं ते काड. जातीवरनं बोलायचं न्हाई. बोललास तर मी उटून जानार, आन परत येनार न्हाई. हाय कबूल?"

मावळातला जुना माणूस एक वेळ जमीन सोडेल, पण दिलेला शब्द सोडत नाही, असं आम्ही म्हणतो. दत्तोबांनी उशीवरून हात उचलला. "दिला शब्द."

मग जे सुरू झालं ते मी कुठल्याही वगात पाहिलेलं नाही. हिरा रोज बेडशाहून चालत यायची, स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "हं, आबा, सुरू कर." आठवडाभरात दत्तोबांचा साठा संपला, कारण हिरानं नियम घातला होता की शिळी शिवी चालणार नाही. म्हातारा रिकाम्या वेळात शिव्या जुळवू लागला. डोळ्यांत चमक आली, जेवण वाढलं. एकदा अडले तेव्हा मी प्रॉम्प्टरसारखं हळूच सुचवलं, "नराधमे, कृतघ्न कालसर्पिणी."

दत्तोबांनी माझ्याकडं कीव करून पाहिलं. "ही काय शिवी हाय व्हय? आरती म्हनल्यागत वाटतंय."

"ऱ्हाऊ द्या, नाटकवाले भाऊ," हिरा म्हणाली. "तुमी दाडी करा."

महिन्याभरात जखम बशीवरून पुन्हा रुपयावर आली. डॉक्टर खूश. भात गुडघ्याच्या वर गेलं होतं.

आणि एक दिवस कामशेतहून दत्तोबांचा मेव्हणा आला. खुर्चीत बसला. हिरा दत्तोबांना कुशीवर घेऊन जखम धूत होती. मेव्हणा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "काय दत्तोबा, ही येळ आली व्हय? आता हिच्या हातानं धुवून घ्यायचं?"

एवढंच. पण पाहुण्यापुढं म्हाताऱ्याचं नाक वर व्हायला तेवढं पुरलं. त्यांनी जातीवरनं शब्द काढला. तो मी इथं लिहिणार नाही. मी आयुष्यभर खलनायक रंगवले, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडी तो नव्हता.

हिराचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला. धुवायची जागा तिनं पूर्ण धुतली, टिपून कोरडी केली, पट्टी लावली, सदरा खाली ओढला, चादरीची सुरकुती काढली. मोरीत जाऊन हात धुतले. मग बादली उचलली.

"आबा, शब्द मोडलास," एवढं म्हणून ती गेली. मेव्हण्याकडं तिनं पाहिलंही नाही.

संध्याकाळी सुहासरावांनी तिला हॉलवर बोलावलं. मीही होतो. "हिराताई, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण आपण सेवेला वाहून घेतलंय. करुणेचं पुढचं पाऊल म्हणजे क्षमा."

"बरुबर हाय, सर," हिरा म्हणाली. "करुणा माजी झाली करून महिनाभर. क्षमा तुमी करा. उद्या सकाळी आट वाजता दत्तोबाकडं जावा. रबरी चादर माज्याकडनं घेऊन जावा."

सुहासराव खरंच गेले. त्यांची मी पुष्कळ थट्टा केली आहे, म्हणून हेही सांगतो की हातमोजे चढवून, मास्क लावून ते रोज गेले, एकही खाडा नाही. पहिल्या दिवशी पॉट रिकामा करून त्यांनी परसात जाऊन उलटी केली आणि तोंड धुऊन परत आत आले. पण गाडी अडली ती नियमावर.

"आबासाहेब, आपण कूस बदलता का?"

"न्हाई."

"ठीक आहे. आपल्या इच्छेचा आदर आहे," म्हणून सुहासराव स्टुलावर बसून राहायचे. दोन तासांनी पुन्हा विचारायचे. पुन्हा न्हाई, पुन्हा आदर. दत्तोबा शिवीही देईनात. सुहासरावांसारख्या माणसाला शिवी देणं म्हणजे देवळाच्या घंटेला लाथ मारण्यासारखं, त्यात मजा नाही. माधवीनं चादर ओढली तर म्हातारा लाकडासारखा ताठ.

पाचव्या दिवशी पट्टी काढली तेव्हा खोलीत वास पसरला. जखम पुन्हा उघडली होती, कडा काळ्या पडत होत्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस वाट पाहतो, मग गाडी मागवा. दत्तोबा खिडकीकडं तोंड करून पडले. भाताला अजून ओंबी धरायची होती.

दुपारी मी हिराच्या अंगणात बसलो होतो. खरं सांगायचं तर तिची समजूत काढायलाच गेलो होतो, आणि तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. तेवढ्यात फोन वाजला. माधवी.

"मावशी, आबा म्हणतात, या म्हणून."

"त्याला तोंड न्हाई का? दे त्याला."

तिनं फोन शेंगांच्या ताटात ठेवला आणि स्पीकर लावला. पलीकडं खाट करकरली.

"हिरा."

"बोल."

"तुजा तो सायेब लय सभ्य हाय. त्याच्या सभ्यपनानं मी मरनार."

"मरशील. मंग?"

एक कोंबडी ताटाजवळ आली, हिरानं तिला हाकललं.

"शब्द कुनी मोडला, आबा?"

"म्या."

"कशापायी?"

"मेव्हन्यापायी." मग थोड्या वेळानं, "न्हाई. मेव्हन्याचं निमित्त. त्यो शब्द माज्याच पोटात व्हता."

रंगभूमीवर अशा ठिकाणी नायिकेचे डोळे भरून येतात आणि पेटी वाजते. हिरानं पुढची शेंग घेतली.

"मंग आता?"

"पुन्यांदा देतो शब्द. घेतलास तर."

"आज माज्याकडं पाहुनी येनार हायेत," हिरा म्हणाली. "उद्या येते. तवर सायबाकडनं कूस बदलून घे. त्यानं इचारलं तर व्हय म्हनायचं. हा पहिला हप्ता."

पाहुणी वगैरे कोणी येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी तिथंच होतो, मला माहीत आहे. एक दिवस म्हाताऱ्यानं वाट पाहावी, एवढाच तिचा हिशेब. रात्री सुहासरावांचा मला फोन आला. दत्तोबा 'व्हय' म्हणाले होते. चार वेळा.

दुसऱ्या दिवशी हिरा दत्तोबांकडं गेली. मेव्हणा पुन्हा आला तेव्हा दत्तोबांनीच त्याला बाहेर ओटीवर बसायला सांगितलं, "आत माज्या शिव्यांची येळ हाय" म्हणून. हृदयपरिवर्तन वगैरे मी म्हणणार नाही. हिराच्या हातचा चहा ते प्यायले असते का, ते सांगता येत नाही, तिनं कधी केलाच नाही. पण जातीवरचा शब्द पुन्हा आला नाही आणि जखम इंचाइंचानं मागं सरली. सुहासरावांनी नियमांच्या फलकावरून दुसरा नियम काढून टाकला. पहिला त्यांना काढवला नाही.

दिवाळीनंतर इंद्रायणी भाताची कापणी झाली, झोडणी झाली. पोती खाटेच्या पायथ्याशी रचली तेव्हा खोलीभर नव्या तांदळाचा वास होता आणि दुसरा कुठलाही नव्हता. त्याच दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. खाली कोवळी, गुलाबी कातडी. "आता पट्टी नको," ते म्हणाले आणि गेले. माधवी पोत्यावर बसून रडली, पाच मिनिटं, मग चहा टाकायला गेली.

हिरा रबरी चादर गुंडाळत होती. दत्तोबा तिच्याकडं न बघता, पोत्यांकडं बघत म्हणाले, "मंजी आता तू यायची न्हाईस."

हिरानं बादली उचलली.

"यीन की, आबा. मागचं बरं झालं. तोंडाचं ऱ्हायलंय अजून."