कोरी ठेवलेली एक जागा

आदरणीय प्रज्ञाताई मेश्राम यांची आणि माझी ओळख धास्तीच्या दिवसांतली. कपाशीनं सलग दोन हंगाम दगा दिला होता. पेरणी अगदी तोंडावर आलेली, आणि घाटंजीकडच्या शेतासाठी माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आणलेलं बियाणं उगवेल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगेना. परगावच्या एका प्रयोगशाळेनं बियाण्याचे लॉट तपासून यादी ईमेलनं यवतमाळला, आमच्या कॉलेजात पाठवली होती. मी तिथं मराठी शिकवायचो. ताई संगणक कक्षात नुकत्याच रुजू झाल्या होत्या.

यादी आली, पण उघडेना. तेव्हा ईमेलमधून नुसती अक्षरंच जात. म्हणून फाइल आधी सांकेतिक अक्षरांत बदलून पाठवायची आणि इकडे पुन्हा मूळ रूपात आणायची. वाटेत संगणकांच्या एका जाळ्यातून दुसऱ्यात जाताना ती अक्षरं बिघडली होती. दादा आणि मी दाराशी उभे. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही वृत्तं शिकवता न? मंग बसा. प्रत्येक ओळीत एकसष्ट अक्षरं पाहिजेत. कमी भरली की खूण करा."

पट्टी घेऊन मी छापून काढलेल्या कागदावर मोजू लागलो. वर्गात मुलांकडून मात्रा मोजून घ्यायचो, अगदी तसंच. लंगडी ओळ सापडली की जीव धसकायचा. ताई म्हणाल्या, ओळीच्या शेवटची मोकळी जागाही इथं अक्षरच असते. वाटेतल्या एखाद्या यंत्रानं ती निरुपयोगी समजून छाटली आहे. विरामालाही वजन असतं हे मी इतकी वर्षं कवितेत सांगत आलो, पण ते खरं वाटलं त्या दुपारी.

मोकळ्या जागा परत भरल्या. आणखी एक खोड निघाली: दोन निराळी चिन्हं वाटेत एकच होऊन बसली होती. ताईंनी दोन्ही लावून पाहिली. ज्यानं अर्थ लागला ते ठेवलं. यादी उघडली. फक्त एका ठिकाणी दोन्ही चिन्हांनी अर्थ लागत होता. एकानं उगवण चांगली ठरे, दुसऱ्यानं वाईट. तो लॉट नेमका दादाचा.

दादा म्हणाला, "ताई, एकच आकडा त हाय. चांगला टाकून द्या न!"

"दादा, मले वाटते म्हणून सरकी उगवते का?"

त्यांनी ती जागा कोरी ठेवली, शेजारी 'शंका आहे' असं लिहिलं, यादी फळ्यावर लावली आणि फाइल पुन्हा मागवली. तीन दिवस उत्तर नाही. शेजारचे पेरून मोकळे झाले. दादा रोज मला टोचायचा, "मास्तर, तुमची बाई आकडा कायले अडवून राह्यली?" खरं सांगतो, मीही एकदा हळूच म्हणालो, "ताई, टाका की." त्या रागावल्या नाहीत. चहा पुढं केला नि म्हणाल्या, "सर, झोप मलेही नाही."

चौथ्या दिवशी फाइल धड आली. आमचा लॉट वाईट निघाला. दादानं बियाणं बदललं. उशिरा पेरलं, पण उगवलं. पांढरीशुभ्र फुटलेली पहिली बोंडं त्यानं पिशवीत घालून ताईंच्या टेबलावर आणून ठेवली.

पुढं माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर महिनाभर ताई घरी येऊन मला जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता वाचून दाखवत. एखादा शब्द पुसट असला तर थांबत आणि म्हणत, "इथलं दिसत नाही, सर." अंदाजानं कधी पुढं गेल्या नाहीत.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. अशा लेखाच्या शेवटी 'शतायुषी व्हा' असा आयुष्याचा एक आकडा लिहायची रीत आहे. त्यांना निरोगी, सुखाचं आयुष्य लाभो, एवढंच मी लिहितो. वर्षं किती, ती जागा मात्र ताईंच्याच पद्धतीनं कोरी ठेवतो.