कुलपातल्या नकाशावरचे नाले

बोरगाव मेघेच्या प्रमिलाबाई वर्ध्यातल्या एका सरकारी कार्यालयात अनुरेखक होत्या. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेषा शाईनं उतरवायच्या, हे त्यांचं काम. जिल्ह्याचे सविस्तर नकाशे तेव्हा कुलपात असत. त्यांच्यावर 'प्रतिबंधित' असा शिक्का, आणि नक्कल द्यायला वरून परवानगी लागे.

१९९६च्या उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याकडचा धनंजय आला. तळेगावकडे विहिरींच्या जागा ठरवायच्या होत्या.

"ताई, मले फक्त नाले पायजे. सहा महिन्यांपासून परवानगीची वाट पाहून राह्यलो."

बाईंनी जेवणाच्या सुट्टीत नाले उतरवून दिले. "माझं नाव घेजो नको," एवढंच म्हणाल्या.

महिनाभरातच साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्यात नकाशा बाहेर दिला म्हणून एकाला पोलिसांनी नेलं. तेव्हापासून फाटकाशी जीप थांबली की बाई खिडकीतून आधी कोण उतरतंय ते पाहत. नवऱ्याला, सदाशिवरावांनाही त्यांनी कधी सांगितलं नाही. सेलूत त्यांचं कापडाचं दुकान, चार लोकांत ऊठबस. त्यांनी लोकांना काय तोंड दाखवायचं?

दहा वर्षं अशी गेली. मग धोरण बदललं. सगळ्या खात्यांचे नकाशे संगणकावर आणायचे, देशभर एकमेकांना द्यायचे, असं ठरलं. त्यासाठी नागपूरहून हर्षा मॅडम आल्या. बैठकीत त्यांनी पाणीपुरवठ्याचा नकाशा पडद्यावर उघडला. टोकाकडे बारीक होत जाणारी नाल्याची ती रेघ बाईंच्याच हातची होती.

"हे मुळात कोणी काढलं?" मॅडमनी विचारलं. " त्या नोंदीशिवाय नकाशा पुढे जाणार नाही."

"आमच्या धनंजयनं आणलता कुठून तरी," त्याचे साहेब म्हणाले. "सांग ना रे, काऊन गप्प बसला?"

धनंजय समोरचे कागद सारखे करत राहिला. त्यानं नाव घेतलं नाही.

"मी काढलं," बाई उठून म्हणाल्या. "परवानगी नव्हती."

"आता लागत नाही, बाई. पूर्ण नाव सांगा."

पण तेव्हा लागत होती! मॅडमनी नाव टंकलं. आता ते कुठल्याही कार्यालयात कोणीही वाचू शकणार होतं.

कोणी आलं नाही, नोटीसही नाही. दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. त्या दुपारी शिपायानं सांगितलं, "साहेब बोलावून राह्यले." आत सगळे हार घेऊन उभे होते. बाई मात्र दाराची चौकट धरून आधी कोपऱ्यात कोणी पोलीस बसलाय का ते पाहत होत्या.