स्वतःचीच धून

बंगळूरजवळच्या आनेकलच्या बसमधला तो मराठी सॅक्सोफोनवाला रोज मांडीवरच्या वाद्याच्या पेटीवर नुसती बोटं नाचवायचा. एकदा त्याने चक्क शीळ घातली. शेजारच्या सीटवरून मी डोळे वटारले.

"रागावू नका अक्का, ही धून माझी आहे."

त्याने सांगितलं, एका परदेशी कंपनीने ती त्याला न विचारता कॅसेटमध्ये घातली होती. मग लग्नात त्याने वाजवली की लोक म्हणत, इंग्लिश गाण्याची चोरी! त्याने ती वाजवणंच सोडलं. पण इथल्या कलावंताचा हक्क तिकडेही मानायचा, असा देशोदेशींचा करार आहे. वकिलाने तो दाखवताच कंपनी नमली. नव्या कॅसेटवर छापलेलं आपलं नाव त्याने अंगठ्याने लख्ख पुसून मला दाखवलं.

"आता स्वल्प, म्हणजे जरा, जोरातच वाजवतो, अक्का. माझ्याच घरात चोरपावलांनी फिरत होतो."