तबकडीकडे धावायचं

साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याच्या बसमध्ये बसले, तेव्हा आईने खिडकीतून कंदी पेढ्यांचा पुडा आत सरकवला आणि म्हणाली, "कुणाकडे काही मागायला जाऊ नकोस. आपलं आपण भागवायचं." चाळिशी उलटलेल्या, बँकेत बढतीवर थेट वाराणसीला निघालेल्या मुलीला हा उपदेश! मी हसले. बस हलल्यावर मात्र रडले, आणि शेजारच्या बाईंना सर्दी झालीये म्हणून सांगितलं.

वाराणसीत मी मंगला गौरीच्या देवळाजवळ एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालकीण शैलाकाकू. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत हिंदी मुरलेली. आल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं, "ताई, खाना आमच्यासोबतच खाणार का?" मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको हो, कशाला त्रास." आपल्याकडे या 'नको'ला कोण विचारतं? दोन-तीनदा आग्रह होतो, मग आपण "थोडंसंच हं" म्हणत बसतो. काकू सरळ बाई. त्यांनी माझा नकार खरा मानला आणि परत विषयच काढला नाही. घ्या! तेव्हापासून संध्याकाळी खालून फोडणीचा वास यायचा, हसणं-बोलणं ऐकू यायचं, आणि मी वर एकटी मोबाइलसमोर मुगाची खिचडी खायचे. तुम्ही घरचे फोनवर विचारायचात, "करमतं ना गं?" मी म्हणायचे, मजेत. साफ खोटं. भिंतींशी बोलायची वेळ आली होती.

काकूंची मुलगी गार्गी कॉलेजात शिकते आणि अल्टिमेट फ्रिस्बी खेळते, म्हणजे प्लास्टिकची तबकडी फेकायचा-झेलायचा सांघिक खेळ. एका रविवारी त्यांच्यात कुणीतरी कमी पडलं, तर तिने मलाच स्कूटीवर बसवून मैदानावर नेलं. तेव्हापासून दर रविवारी जाते. सगळी माझ्या निम्म्या वयाची पोरं. सराव असा, की एकाने तबकडी हातात धरून उभं राहायचं. दुसऱ्याने आधी त्याच्यापासून लांब पळायचं, मग झटकन वळून त्याच्याच दिशेने धावत यायचं. याला कट म्हणतात. तिसरा पाठीशी लागलेला असतो, मधेच तबकडी अडवायला. मी पळायचे बरी, वळायचेही बरी, आणि मग हात पसरून उभी राहायचे, तबकडी येईल म्हणून. दर वेळी मागून गार्गी पुढे घुसून ती घेऊन जायची.

"ताई, रुकायचं नाही ना," ती वैतागून म्हणाली, "तुम्ही वाट पाहत राहता. तबकडीकडे भागत जायचं."

गेल्या रविवारी माझं डोकंच फिरलं. वळले ती थांबलेच नाही. गार्गीचा खांदा लागला, घसरले, गुडघा सोलला, पण तबकडी हातात होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि सांगायला वर खोलीत कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी कुकर लावलाच नाही. लंगडत खाली गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. म्हटलं, "काकू, मला एकटीला जेवण जात नाही. मी तुमच्यात बसू का?"

काकूंचं लाटणं थांबलं. "आम्हाला असं लागलं, की तुम्हाला आमच्या हातचं पसंद नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मग परत विचारलं नाही." म्हणजे इतके दिवस त्याही मनाला लावून घेऊन बसल्या होत्या. गार्गीने माझ्यासाठी ताट घेतलं.

अजूनही एकटं वाटतं, नाही असं नाही. बँकेतून येताना गल्लीत पाय जड होतात, साताऱ्याची आठवण येते. पण मी खाली उतरेपर्यंत काकू आता कुणालाच वाढत नाहीत. आई, याला मी घर म्हणायला लागलेय. तू वाईट वाटून घेऊ नकोस.