डावा स्पीकर
सोल्डरिंगचा वास आला की निर्मळ गावचा दुपारचा रस्ता आठवतो. गाडीच्या स्पीकरना दम नव्हता, म्हणून बाबा गेल्यावर त्यांचे हॉलमधले दोन लाकडी स्पीकर मी स्वतः तारा सोल्डर करून डिकीत बसवले. त्यातला डावा मधूनच बंद पडायचा. बाबा उठून त्याला बोटाने दोनदा ठोकायचे, की चालू. त्या दुपारी केळीच्या वाडीपाशी तो गप्प झाला. गाडी थांबवून उतरणार, तोच मागे टक टक झालं आणि आवाज परत आला. शेजारी बसलेली आई वळलीसुद्धा नाही. "हॉलमधून हलवू नको म्हटलं होतं ना? आता तुझे बाबा डिकीत येऊन बसलेत." दुसऱ्या दिवशी मी स्पीकर परत हॉलमध्ये लावले. डावा अजूनही बंद पडतो. आम्ही दोघं उठत नाही, नुसते थांबतो.