मुराळ्याची गाडी

आमचे आबा गाडी कशी चालवायचे ते सोडा. बंद पडलेल्या गाडीशेजारी रुबाबात कसं उभं राहावं, हे मात्र त्यांच्याकडूनच शिकावं. बॉनेट उघडं, हात पाठीमागे, डोक्याला पांढरा रुमाल आणि चेहऱ्यावर असा भाव, की गाडी बंद पडलेलीच नाही, यांनीच तिला घटकाभर सुटी दिली आहे. आबा म्हणजे माझे सासरे. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन जळगावला आले, पण घर शिफ्टवरच चालवायचे. मिक्सर जरा घुरघुरला की "बेअरिंग गेलं" म्हणत तो उघडून बसायचे आणि माझी चटणी अर्धवट राहायची.

गाडी त्यांच्याइतकीच हट्टी. सकाळी थंड असताना गुणाची पोर. एकदा तापली, की एरंडोलच्या पुढे आचके द्यायला लागायची, आणि पारोळा यायच्या आत मान टाकायची. अर्धा तास सावलीत उभी केली, की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. माझा नवरा योगेश एकदा तिला 'खटारा' म्हणाला, तर आबांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "माझ्या गाडीला नाव ठेवणाऱ्यानं एस्टीनं जावं."

गाडीनं आचका दिला की आबांचा एकच हुकूम, "लोड कमी करा!" आधी एसी बंद. मग टेप बंद. मग माझ्या मोबाइलचं चार्जिंग काढायला लावायचे. बाहेर वैशाखाचं ऊन, आत मी घामानं निथळतेय, आणि हे म्हणताहेत, "युनिट ट्रिप झालं, पोरी. घाई नाही करायची. कूलिंग होऊ द्यायचं." एकदा तर मांडीवरची सांजोऱ्यांची पिशवी घेऊन मला खाली उतरवलं. आता सांजोऱ्यांचा असा काय लोड? पण बोलणार कोण! बॉयलर सांभाळलेला माणूस.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण ही वरात निघायची ती नेमकी आखाजीला. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी पोचायलाच हवं, आणि तिला न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. मला भाऊ नाही. वडील गेल्यावर धुळ्याच्या घरात आई एकटीच. लग्नानंतरची पहिली आखाजी आली तेव्हा मी आपली स्वयंपाकघरात डोळे पुसत होते. आबांनी ते पाहिलं, गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाले, "चल, मी तुझा मुराळी." सासराच मुराळी! सगळी गल्ली हसली. आबांना त्याचं काही नव्हतं.

इकडे मुराळी पारोळ्याच्या अलीकडे कूलिंग करत बसायचा आणि तिकडे आई उपाशी. लेक उंबऱ्यात आल्याशिवाय आखाजीचा घास तोंडात घालायचा नाही, हा तिचा नेम. त्यात तिला साखरेचा आजार. सकाळची गोळी पोटात, खापरावरचे मांडे झाकलेले, आमरस वाटीत, आणि ही दारात. फोनवर किती सांगितलं, जेवून घे गं बाई. "हो हो" म्हणायची आणि थांबायचीच.

आबा गाडी मिस्त्र्याला दाखवत नव्हते असंही नाही. दाखवायचे, पण कशी? फर्स्ट शिफ्टचा माणूस! सकाळी गॅरेजचं शटर वर जायच्या आधी हे दारात हजर. मिस्त्री गाडी सुरू करायचा, ती तालात चालायची. "काहीच नाही, आबा." आबा घरी येऊन जाहीर करायचे, "जळगावात एकाला इंजिन कळत नाही." मी म्हटलं, "अहो आबा, ताप उतरल्यावर पेशंट नेला तर डॉक्टर तरी काय सांगणार? तापलेली न्या की!" त्यावर म्हणाले, "तू चहा ठेव."

आणि मग ती आखाजी आली. गाडी दोनदा बंद पडली. धुळ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई बाजेवर आडवी, घामानं भिजलेली, हात थरथरताहेत आणि शेजारच्या अक्का तिला चमच्यानं साखरपाणी पाजताहेत. माझा तोल गेला. अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं, "आबा, तुमच्या गाडीपायी माझी आई जाईल एक दिवस!"

आईनं डोळे उघडले, दोन घास खाल्ले, तोवर आबा दाराशी उभे होते. मग मांड्याला हात न लावता तशीच तापलेली गाडी घेऊन भर उन्हात निघून गेले. मी म्हटलं, गेले रुसून.

आले ते दिवेलागणीला, आणि काय तो थाट! सणाचं एकच गॅरेज उघडं सापडलं होतं. तिथं गाडी आचके देत असतानाच मिस्त्र्यानं कॉइलवर ओलं फडकं टाकलं आणि इंजिन जागच्या जागी सुधारलं. कॉइल तापली की ठिणगी कच्ची पडत होती. कॉइल बदलली, खेळ खलास. "कॉइल," आबा म्हणाले, "मी म्हणतच होतो." जन्मात कधी म्हणाले नव्हते! पुढे तर जो भेटेल त्याला सांगायचे, "गाडी गरम असतानाच दाखवायची असते, लोकांना एवढं कळत नाही." माझ्या तोंडाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. पुढच्या सगळ्या आखाज्यांना आम्ही ऊन चढायच्या आत धुळ्यात, आणि गंमत म्हणजे आईही जेवलेली असायची. मला वाटलं, त्या दिवसाची धास्ती घेतली असेल.

मागच्या थंडीत आबा गेले. यंदा आखाजीला गाडी मीच काढली. पारोळा मागे पडलं, धुळं आलं, इंजिननं हूं की चूं केलं नाही. घरात शिरले तर आईचं ताट घासून पालथं घातलेलं. मला आपलं उगाच लागलं. म्हटलं, "आई, आज तरी थांबायचंस. आज मी एकटी आले."

"आबासले शबद देल शे मी," आई म्हणाली. आबांना कसला शब्द, मला कळेना. तर म्हणाली, "दर आखाजीले सकायमा त्यासना फोन ये. म्हनेत, 'याहीनबाई, तुम्ही जेवी ल्या. मनी गाडी खटारा शे, रस्तामा बंद पडी.'"

मी ताटावर बसले. गाडी मोडकी होती तोवर तिला कुणाला नाव ठेवू दिलं नाही या माणसानं. आणि ती धडधाकट झाल्यावर, दर आखाजीला, मला चोरून, विहीणबाईंपाशी 'माझी गाडी खटारा' असं धादांत खोटं!