आतेच्या गावचं व्हिनेगर

इंग्लंडातल्या ह्या बेसिंगस्टोकच्या पाण्यात चुना फार. आठ दिवसांत केटलच्या तळाला पांढरी खपली धरते. ती बघून लेटिंग एजंटची बाई, म्हणजे भाड्याचं घर नीट ठेवलंय का तपासायला येणारी, पहिल्याच इन्स्पेक्शनला मला म्हणाली होती, "व्हिनेगर, लव्ह, व्हिनेगर." त्या बाईची मला एवढी भीती की तिने माती खा म्हटलं असतं तर मी विचारलं असतं, किती चमचे. नवरा घरात नसताना बेल वाजली तर मी टीव्ही बंद करून घरात कोणी नाही असं दाखवायचे. मी नववीपर्यंत शिकलेली, तीही रडतखडत, इंग्रजी म्हणजे येस, नो, थँक्यू आणि सॉरी, त्यातलं सॉरीच जास्त. नवरा पुण्याहून कॉम्प्युटरच्या कामावर इकडे आला, मागून मी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आले, आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, वरच्या मजल्यावरची आते.

आते म्हणजे आमची कोणी नव्हे. ती फिलिपिनो, हॉस्पिटलात नर्स, पन्नाशीची, बुटकी, चालणं मात्र एक्स्प्रेससारखं. पहिल्यांदा जिन्यात भेटली तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाली, "आते. कॉल मी आते." आमच्या गावाकडे आत्याला आतेच म्हणतात, मला काय कळणार, मी लेकीला कडेवर घेऊन तिथंच वाकले आणि तिच्या पाया पडले. ती घाबरून दोन पायऱ्या वर चढली. मग कळलं की त्यांच्यात आते म्हणजे ताई, मोठी बहीण. पण पाया पडले ते पडलेच, आणि लेकही तिला आतेच म्हणायला लागली, आणि ते तिला आवडलं.

दुसरी गंमत चहाची. ड्युटीवरून थेट माझ्याकडे यायची, सोफ्यावर धपकन बसायची आणि म्हणायची, "हाय नको!" मी चहा घेऊन उभी, ही म्हणते हाय नको, मी कप परत न्यायची. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिने कपच पकडला.

"तू मला रोज चहा दाखवतेस आणि घेऊन जातेस. ही काय तुमच्या देशाची पद्धत आहे?"

त्यांचं हाय नको म्हणजे आपलं 'अगं बाई गं' निघालं!

आतेला तिच्या देशाचं भारी वेड. सॉस तिकडचा, शेवया तिकडच्या, साबणसुद्धा तिकडचा. माझ्या ओट्यावर दुसऱ्या कुठल्या देशाचा सोया सॉस दिसला की बाटली फिरवून लेबल वाचायची आणि तोंड असं करायची की पोरीची नॅपी उघडलीय. मी एकदा धीर करून विचारलं, एवढं काय त्यात? तर म्हणाली, तिच्या गावात घराघरात बूट शिवायचे. तिचा बापही शिवायचा, घरात पाच माणसं कामाला होती. मग बाहेरच्या देशातले स्वस्त बूट आले, सरकारने येऊ दिले, आणि लोकांनी तेच घेतले.

"शेजाऱ्यांनीसुद्धा घेतले," ती म्हणाली. "बूट आत आले आणि मी बाहेर पडले."

असं बोलून ती हसली. मला हसावं का कळेना, मी सॉरी म्हटलं.

तेव्हाच तिने मला त्यांच्या भाषेतले दोन शब्द सांगितले. इंग्रजीत 'अवर' एकच, त्यांच्यात दोन असतात. आमिन म्हणजे आमचं, तुझा त्यात काही संबंध नाही. आतिन म्हणजे माझंही, तुझंही. "आपल्या देशाचंच घ्या असं आमच्याकडे सांगतात ना, त्यात आतिन असतं," ती म्हणाली. "इंग्रजांना हे समजवता समजवता जीव जातो." मला समजवायला तिला एक मिनिट लागलं नाही. आमचं आणि आपलं! मी उड्याच मारल्या, नववी नापास बाईला एकदा तरी काहीतरी पटकन कळलं.

पण तिचाही एक वेडेपणा होताच. दर चार महिन्यांनी ती गावाला माणूस मावेल एवढा खोका पाठवायची, आणि त्यात काय, तर इथलं चॉकलेट, इथली बिस्किटं, इथला शाम्पू. मी म्हटलं, आते, हे गं काय? ती म्हणाली, "माझी बहीण मोठी देशभक्त आहे. फक्त चॉकलेट सोडून." माझे सासरेही तसेच, फोनवर अर्धा तास स्वदेशी सांगतात आणि शेवटी हळूच म्हणतात, येताना तिकडचं शेव्हिंग क्रीम आण.

तर जूनमध्ये त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची जत्रा होती, एका चर्चच्या हॉलमध्ये. नियम असा की टेबलावर जे काही असेल ते त्यांच्याच देशाचं हवं, आणि हा नियम कमिटीत आतेनेच भांडून करून घेतलेला. तिचं टेबल लुंपियाचं, म्हणजे बोटाएवढे तळलेले रोल, आत खिमा नाहीतर भाजी. भाजीचे वळायला तिने मला घेतलं. वर म्हणाली, टेबलावरही तूच उभी राहायचंस माझ्याबरोबर. मी आठ दिवस जेवले नाही नीट. एवढ्या लोकांत मी! पण आतेने आपल्याला निवडलं, हे मी नवऱ्याला रोज सांगायचे.

आदल्या दिवशी दुपारी ती कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत काहीतरी गढूळ पांढरं घेऊन आली. घाईत होती, डबल ड्युटी होती. "व्हिनेगर. वर ठेवलं तर माझ्या रूममेट संपवतील. तू ठेव. क्लीन, हां? क्लीन!" आणि पळाली.

आता तुम्हीच सांगा. व्हिनेगर म्हणाली, क्लीन म्हणाली, आणि सोमवारी माझं इन्स्पेक्शन. मला वाटलं, देवासारखी बाई, तिला माझी काळजी. मी अर्धी बाटली केटलमध्ये ओतून उकळली, उरलेलं शॉवरला आणि नळांना. केटल अशी चमकली की लेकीने त्यात बघून दात दाखवले.

रविवारी सकाळी आतेचा हॉलवरून फोन. "लवकर ये, आणि माझी बाटली आण. क्लीन ठेवलीस ना, कोणी उष्टा चमचा घातला नाही ना? माझ्या बहिणीने नारळाच्या झाडाच्या रसाचं केलंय, वर्षभर मुरलेलं. लुंपिया त्यातच बुडवून खायचा."

मी खालीच बसले. नवरा म्हणाला, दुकानातून दुसरं आणू. मी म्हटलं, लेबल वाचते ती! रडत रडत आईला फोन लावला. आई कुडाळकडची, ती आधी हसली.

"गो बाय, रडतंस कित्याक? आंबटच व्हया ना? मी दिलेला आगळ असा मां?"

कोकमाचं आगळ होतं. आईने सामानात दिलेलं, टिपून टिपून वापरत होते. त्यात लसूण ठेचून घातली, हिरवी मिरची, गूळ, जरासं पाणी. आतेचं असतं पांढरं, हे झालं लालसर जांभळं. डब्यात भरलं, लेकीला बग्गीत, म्हणजे बाबागाडीत, बसवून ढकलत निघाले, वाटभर मनात इंग्रजी जुळवत होते आणि सगळं सॉरीवरच संपत होतं. ही बाई आता बोलणार नाही, एवढंच डोक्यात. मग मी कोणाशी बोलायचं? नळाशी?

हॉलमध्ये झेंडे, गाणी, माणसंच माणसं. आतेने हात पुढे केला. मी डबा दिला आणि एका दमात सांगून टाकलं, क्लीन, केटल, इन्स्पेक्शन, शॉवर, माय मदर, सॉरी, सॉरी, सॉरी.

आते डब्याकडे बघत राहिली. "केटलमध्ये?"

"आणि नळाला."

"हाय नको," ती म्हणाली, अगदी हळू. डबा टेबलाखाली ठेवला आणि लुंपिया कोरडेच मांडायला लागली. माझ्याकडे बघेना. मी बग्गीचं हँडल धरून उभी.

तेवढ्यात माझी लेक बग्गीतून निसटली आणि टेबलावरचा एक लुंपिया ओढून टेबलाखाली घुसली. बाहेर आली ती जांभळ्या तोंडाने, हातात लुंपिया, आणि ओरडली, "आते, आणी!" तिला आणखी म्हणायचं होतं. रांगेतले आजोबा हसले, त्यांनीही वाकून डब्यात बुडवून खाल्लं. डोळे मिटले. मग त्यांच्या बायकोने खाल्लं. मग रांगच वाकायला लागली, तेव्हा आतेने झक मारत डबा वर ठेवला. स्वतः मात्र बोट लावलं नाही.

आणि आली कमिटीची अध्यक्ष बाई. कानात मोत्याचे डूल, चेहरा लेटिंग एजंटचा. डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत आतेला विचारलं, "नियम तुझाच होता. हे कोणाचं?"

आतेने एक रोल उचलला, जांभळ्यात बुडवला, सावकाश चावला. मिरची लागली असणार, नाक पुसलं. मग तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली,

"आतिन."

तुझंही, माझंही. मला डिक्शनरी लागली नाही. अध्यक्ष बाई म्हणाल्या "हाय नको", आणि दोन रोल घेऊन गेल्या. डबा बारा वाजायच्या आत संपला. संध्याकाळी आते माझ्याकडे आली, म्हणाली, त्या केटलचा चहा दे, माझ्या बहिणीचं वर्ष आहे त्यात. प्याली आणि म्हणाली, गावची चव येते. खोटारडी!

पुढच्या खोक्यात तिने चॉकलेटच्या मधोमध आगळाची एक बाटली ठेवली, माझ्या आईने पाठवलेली. दोन महिन्यांनी तिची एक मैत्रीण गावाहून येताना बहिणीकडून व्हिनेगरची नवी बाटली घेऊन आली. आतेने ती पुन्हा माझ्याकडेच ठेवायला दिली. ह्या वेळी बहिणीने चिठ्ठी चिकटवली होती, मोठ्या इंग्रजी अक्षरात. मी ती एकटीने, कोणाला न विचारता वाचली.

केटलसाठी नाही.